बाबांची केशरी कॅप्सूल

आमरसावर तूप वाढायचं की नाही, यावरून आमच्या घरी दर उन्हाळ्यात एकदा तरी वाजतं. आजी वाढणार, आई "थोडंसंच हं" म्हणणार, आणि मोबाइलच्या अ‍ॅपवर कॅलरी मोजणारा मी वाटीवर हात आडवा धरणार. आजी ८७ वर्षांची आहे. माझ्या हाताला ती जुमानत नाही, बोटांच्या फटीतून तूप सोडते. "तुपाशिवाय रस बाधतो," एवढंच तिचं म्हणणं. का बाधतो विचारलं तर, "बाधतो म्हणजे बाधतो."

यंदा मी वाटीवर हात धरला नाही. पण ती गोष्ट शेवटी सांगतो, कारण तिची सुरुवात तुपापासून होत नाही. ती होते गेल्या दिवाळीत, मी ऑनलाइन मागवलेल्या एका बाटलीपासून.

दिवाळीच्या सुट्टीत आई म्हणाली, "बाबा हल्ली पेपर फार लांब धरून वाचतात, संध्याकाळी डोळे चोळत बसतात." बाबांना डॉक्टरकडे नेणं म्हणजे एक मोहीमच असते. मी त्यातल्या त्यात सोपं ते केलं. फोन उघडला, "डोळ्यांसाठी" असं लिहिलेली, चार तारे मिळालेली एक बाटली मागवली. बाटलीवर गाजर, आंबा आणि पपई यांचं झकास चित्र होतं. आत केशरी कॅप्सूल. लेबलवर बीटा-कॅरोटीन, १५ मिलिग्रॅम. 'फळातलंच तर आहे,' असं वाटून मी निश्चिंत झालो. बाबा रोज सकाळी न चुकता काळ्या चहाबरोबर एक घेऊ लागले. मुलाने आणलंय म्हटल्यावर ते न चुकताच घेणार.

तीन महिन्यांनी मोतीबिंदूच्या तपासणीसाठी शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "काका, सध्या कोणती औषधं चालू आहेत?" आईने पिशवीतून सगळ्या गोळ्या काढून टेबलावर मांडल्या. डॉक्टरांनी नेमकी ती बाटली उचलली, लेबल वाचलं आणि विचारलं, "काका, तुम्ही सिगारेट ओढता का?"

"ओढत होतो. सोडून आठ वर्षं झाली."

"किती वर्षं ओढलीत?"

"चौतीस."

डॉक्टरांनी बाटली आईच्या हातात न देता बाजूला ठेवली. "ही आजपासून बंद. तीन महिने घेतलीत म्हणून घाबरायचं कारण नाही, पण पुढे घेऊ नका." मग माझ्याकडे बघून, "कुणी लिहून दिली होती?" मी गप्प. बाबाच म्हणाले, "मुलाने आणली हो, काळजीपोटी." ते ऐकून मला रागावण्यापेक्षाही वाईट वाटलं.

घरी आल्यावर आईने दोन गोष्टी केल्या. बाटली कचऱ्यात टाकली, आणि खंडेराव मार्केटमधून आदल्या दिवशी आणलेली पपई शेजारी देऊन टाकली. बाटलीवर पपईचं चित्र होतं ना! गाजर बंद, पपई बंद, आणि "यंदा आंबा पण नको" अशी घोषणाही झाली. बाबांनी सिगारेट सोडल्यापासून जेवणानंतर हाताला आणि तोंडाला चाळा म्हणून फळाची फोड धरली होती. आठ वर्षं त्या फोडीने त्यांना सांभाळलं होतं. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "कॅप्सूलमध्ये जे आहे तेच पपईत आहे ना? मग पपईही वाईट का रे?"

मी डॉक्टर नाही. बी.ई. कॉम्प्युटर होऊन बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण चूक माझी होती, म्हणून उत्तर शोधणंही माझ्याकडे आलं. पुढचे काही आठवडे रात्री पोरं झोपल्यावर मी तेच वाचत होतो. जे कळलं ते इथे लिहितोय, कारण आपल्या मंडळातल्या माझ्या वयाच्या कित्येकांच्या घरी अशीच एखादी प्रेमाने आणलेली बाटली फ्रिजवर उभी असेल.

आधी डॉक्टरांनी बाटली का बाजूला ठेवली ते सांगतो.

१९८०च्या सुमारास शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं होतं की जे लोक बीटा-कॅरोटीन असलेली फळं-भाज्या जास्त खातात, त्यांना फुफ्फुसाचा कर्करोग कमी होतो. मग साहजिक कल्पना अशी की ते बीटा-कॅरोटीन वेगळं काढून गोळीतून द्यावं. फिनलंडमध्ये १९८५ साली मोठा प्रयोग सुरू झाला. ५० ते ६९ वयाचे २९,१३३ पुरुष, सगळे सिगारेट ओढणारे. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, काहींना नुसतीच दिसायला तशी गोळी. पाच ते आठ वर्षं हे चाललं. १९९४ मध्ये निकाल छापून आला तेव्हा सगळे चक्रावले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. जास्त!

तोवर अमेरिकेत असाच दुसरा प्रयोग चालू होता. १८,३१४ माणसं, त्यात सिगारेट ओढणारे होते, सोडलेले होते आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेले कामगारही होते. त्यांना रोज ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन आणि जोडीला जीवनसत्त्व अ. जानेवारी १९९६ मध्ये, ठरल्या वेळेच्या २१ महिने आधी, हा प्रयोग थांबवावा लागला. कर्करोग २८ टक्क्यांनी जास्त, मृत्यू १७ टक्क्यांनी जास्त.

डोळ्यांच्या डॉक्टरांना हे तोंडपाठ असण्याचं आणखी एक कारण आहे. वयोमानाने पडद्याचा मधला भाग झिजतो, त्या आजारासाठी अमेरिकेत २००१ साली एक जीवनसत्त्वांचं मिश्रण ठरलं, त्यात १५ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन होतं. पुढच्या मोठ्या अभ्यासात, म्हणजे २०१३ मध्ये, ते काढून त्याजागी ल्युटिन आणि झियाझँथिन घातलं गेलं. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचे कर्करोग जास्त निघाले होते, आणि त्यातले बहुतेकजण सिगारेट पूर्वीच सोडलेले होते. थोडक्यात, माझे बाबा. आणि हे मिश्रणसुद्धा तो आजार ठरावीक टप्प्यावर पोचलेल्यांसाठी आहे. मोतीबिंदूला किंवा पेपर वाचून थकलेल्या डोळ्यांना त्याचा उपयोग नाही. मी ज्यासाठी बाटली मागवली होती त्यासाठी ती नव्हतीच.

इथवर वाचून मलाही आईसारखंच वाटलं, की पपई बंद केली ते बरंच झालं. पण फिनलंडच्या त्याच अभ्यासात एक ओळ होती. प्रयोग सुरू होण्याआधी कोण काय खातो आणि कुणाच्या रक्तात किती बीटा-कॅरोटीन आहे, याची नोंद केली होती. ज्यांना खरी गोळी मिळाली नव्हती अशा गटात, जे आहारातून जास्त बीटा-कॅरोटीन खात होते आणि ज्यांच्या रक्तात ते मुळात जास्त होतं, त्यांना कर्करोग कमी झाला होता. एकाच अभ्यासात एकाच रसायनाची ही दोन उलट उत्तरं. आमच्या धंद्यात असं दिसलं की समजावं, दोन्हीकडे इनपुट एकच आहे हा आपला समज चुकलाय.

तर पपईची फोड तोंडात टाकल्यापासून पुढे काय होतं ते बघू.

फळाचा केशरी किंवा लाल रंग ज्यांच्यामुळे येतो त्यांना कॅरोटिनॉइड म्हणतात. बीटा-कॅरोटीन त्यांतलं एक, टोमॅटोचा लायकोपिन दुसरा. हे रंग फळाच्या पेशींत आतल्या बारीक कप्प्यांत बंद असतात. पेशीला भिंत असते, आणि ती भिंत आपलं पोट पूर्ण पचवू शकत नाही. म्हणून पहिलं काम दातांचं. जी पेशी चावून फुटली नाही, तिच्यातला बराचसा रंग तसाच पुढे निघून जातो. गाजराचा मोठा तुकडा गिळला तर लेबलवरचा आकडा कागदावरच राहतो. आजी म्हणते "घास बत्तीस वेळा चावावा," त्यातला बत्तीस आकडा कुठून आला ठाऊक नाही, पण चावण्याचा मुद्दा बरोबर आहे.

दुसरी अडचण, हे रंग पाण्यात विरघळत नाहीत. आतडं तर पाण्याने भरलेलं. तेलाचा थेंब पाण्यावर तरंगतो तसं हे नुसतं फिरत राहील आणि बाहेर पडेल. यासाठी पित्त लागतं. यकृतात तयार होणारं पित्त पित्ताशयात साठून असतं, आणि जेवणात स्निग्ध पदार्थ आला की तो लहान आतड्याच्या तोंडाशी पोचताच पित्ताशय आकुंचन पावून ते सोडतं. पित्त आणि पचलेलं तूप-तेल मिळून अतिसूक्ष्म गोळे बनतात. हे गोळे बाहेरून पाण्याला चालतात, आत स्निग्ध असतात. कॅरोटिनॉइड त्यांच्या पोटात बसून आतड्याच्या भिंतीपर्यंत जातं. तूप नाही तर पित्त नाही, पित्त नाही तर गोळे नाहीत.

हे अमेरिकेत आयोवाच्या विद्यापीठात अगदी साध्या प्रयोगाने दाखवलंय. २००४ साली छापलेला हा अभ्यास. त्याच माणसांना तीच कोशिंबीर तीन वेळा दिली. एकदा तेल अजिबात नसलेलं ड्रेसिंग, एकदा ६ ग्रॅम तेल, एकदा २८ ग्रॅम. बिनतेलाच्या कोशिंबिरीनंतर रक्तात कॅरोटिनॉइड जवळपास दिसलंच नाही. पुढे अभ्यासकांनी असं धरलं की एका जेवणात ३ ते ५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ पुरतो. चहाचा एक चमचा तूप भरतं साधारण तेवढंच. आजीचा चमचा! मी ते वाचून रात्री साडेबारा वाजता एकटाच हसलो. कोशिंबिरीवर फोडणी, गाजराच्या हलव्यात तूप, आमरसात तूप. कुणी प्रयोगशाळेत बसून हे ठरवलेलं नाही, पण जमून गेलंय खरं.

त्यातही फळाफळात फरक आहे, आणि हा भाग बाबांना सर्वांत आवडला. गाजरात आणि टोमॅटोत हा रंग बारीक स्फटिकांच्या रूपात असतो, साखरेच्या दाण्यासारखा घट्ट. आंब्यात तो स्निग्ध थेंबांत आधीच विरघळलेला असतो. पपईतही तो गाजरासारखा कडक स्फटिकांत नसतो. २०१४ साली छापलेल्या एका अभ्यासात १६ जणांना गाजर, टोमॅटो आणि पपईतून सारख्याच मापाचं कॅरोटीन खायला देऊन नंतर रक्त तपासलं. पपईतलं बीटा-कॅरोटीन गाजराच्या आणि टोमॅटोच्या सुमारे तिप्पट शोषलं गेलं. म्हणजे "डोळ्यांसाठी गाजर खा" असं लहानपणापासून ऐकलेलं असलं, तरी मापाला माप धरून पपई पुढे आहे. गाजराची बाजू घ्यायची तर ते शिजवावं, तुपात परतावं. टोमॅटोचंही तसंच. १९९७ मधल्या एका प्रयोगात ताज्या टोमॅटोपेक्षा आटवलेल्या टोमॅटोतून अडीच पट लायकोपिन रक्तात पोचलं. भाजीच्या फोडणीत परतलेला टोमॅटो सॅलडमधल्या चकतीला हरवतो तो असा.

आता आतड्याच्या भिंतीशी आलो. तिथे मला माझ्या कामातलीच गोष्ट भेटली. भिंतीवर कॅरोटिनॉइडला आत घेणारं एक प्रथिन असतं, दरवाजा म्हणा. आत गेल्यावर एक विकर बीटा-कॅरोटीनचे दोन तुकडे करून त्याचं जीवनसत्त्व अ बनवायला घेतं. शरीरात जीवनसत्त्व अ पुरेसं झालं की तसा निरोप परत आतड्याकडे जातो आणि दरवाजाही कमी होतो, तुकडे करणारं विकरही कमी होतं. उंदरांवरच्या प्रयोगांतून २०१०च्या सुमारास ही साखळी उलगडली. सर्व्हरवर फार रिक्वेस्ट आल्या की आपण त्यांना आवर घालतो, तसंच. म्हणून फळं खाऊन कुणाला जीवनसत्त्व अ ची विषबाधा होत नाही. फार फार तर तळहात पिवळे पडतात. आमच्या धाकटीला दीड वर्षाची असताना रोज पपई-गाजर भरवून असे पिवळे हात झाले होते, आणि आम्ही कावीळ म्हणून धावलो होतो. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच होता, ते बालरोगतज्ज्ञांनी बघितलं आणि हसून परत पाठवलं.

पण एकदम भलामोठा डोस आला, तोही तेलात विरघळवून शुद्ध रूपात, तर काही भाग या दरवाजाची वाट न बघताही आत झिरपतो. फळातून येणाऱ्या बीटा-कॅरोटीनचा हिशोब आणि तेलातल्या कॅप्सूलचा हिशोब म्हणूनच वेगळा मांडतात. अमेरिकेत २००१ साली ठरलेल्या मापाप्रमाणे एक मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व अ बनायला अन्नातलं १२ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीन लागतं, तेलातल्या कॅप्सूलमधलं फक्त २. इंडोनेशियातल्या बायकामुलांचे अभ्यास तर सांगतात की हिरव्या पालेभाज्यांचा आकडा १२ पेक्षा बराच जास्त, सुमारे २६ आहे. फळं १२ वर.

आणि माप बघा. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात आंब्याच्या १०० ग्रॅम गरात ०.६४ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन आहे, पपईत त्याच्या निम्म्याहून कमी. आपल्याकडच्या गडद केशरी जातींत जास्त असेल. तरी फिनलंडचे २० मिलिग्रॅम गाठायला त्या हिशोबाने रोज तीन किलो आंब्याचा गर खावा लागेल, वर्षाचे ३६५ दिवस, आणि तोही सगळा शोषला जाणार नाहीच. फिनलंडच्या त्या माणसांच्या रक्तात बीटा-कॅरोटीनची पातळी गोळ्यांमुळे सतरा-अठरा पट चढली होती. फळं खाऊन तिथवर पोचता येत नाही. सिगारेटच्या धुराने आधीच भाजलेल्या फुफ्फुसात एवढ्या प्रमाणात आलेलं हे रसायन स्वतःच मोडतं आणि त्याचे तुकडे पेशींना त्रास देतात, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. फळात ते कधी एकटं येत नाही. त्याच्यासोबत क जीवनसत्त्व, चोथा आणि इतर रंग असतात, आणि येतं तेही थोडंथोडं.

बाबांना हे मी वहीत चित्रं काढून समजावलं. ते ऐकून म्हणाले, "म्हणजे तुझी कॅप्सूल मागच्या दाराने येत होती." बरोबर. मी चार पानं भरली होती, त्यांनी एका वाक्यात मिटवलं.

यानंतर खरं तर थांबायला हवं होतं, पण वाचनाचं व्यसन लागलं होतं. बाकी फळांचं काय? जांभूळ? डाळिंब?

जांभळाचा जांभळा रंग, जो जिभेला आणि शर्टाला लागतो, तो अँथोसायनिनचा. हा पाण्यात विरघळतो, त्याला तुपाची गरज नाही. पण गंमत अशी की खाल्ल्यावर रक्तात त्याच रूपात शोधायला गेलं तर शंभरात एक भागही सापडत नाही. म्हणून बरीच वर्षं समज होता की हा शोषलाच जात नाही. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी युक्ती केली. या रंगाच्या रेणूत जड कार्बनचे अणू बसवले, म्हणजे पार्सलवर खूण केली, आणि आठ पुरुषांना ते खाऊ घातलं. मग दोन दिवस रक्त, लघवी आणि चक्क श्वासही तपासला. खुणेचे अणू सापडले, सुमारे १२ टक्के लघवीत आणि श्वासात मिळून. फक्त पार्सल उघडून आतला माल वेगळ्या डब्यांत भरला गेला होता. आधीचे लोक चुकीचा डबा शोधत होते. बग शोधताना मी हे कितीदा केलंय!

डबे बदलण्याचं बरंचसं काम मोठ्या आतड्यातले जिवाणू करतात. डाळिंबाचं उदाहरण घ्या. सोलापूरकडून येणारा लालभडक भगवा आपण दाणे काढून खातो. डाळिंबातलं मोठं टॅनिन आपल्याला थेट शोषता येत नाही. ते मोठ्या आतड्यात पोचल्यावर काही जिवाणू त्याचं युरोलिथिन बनवतात, आणि ते रक्तात जातं. मात्र सगळ्यांच्या पोटात हे जिवाणू नसतात. काही जण एका जातीचं युरोलिथिन बनवतात, काही दुसऱ्या जातीचं, काहींना बनवताच येत नाही. एकच डाळिंब मी आणि बायकोने अर्धं अर्धं खाल्लं तरी दोघांच्या रक्तात पोचणारी गोष्ट वेगळी असू शकते. ती इंदूरची, मी बडोद्याचा, पोटंही वेगळी असणारच, असं तिने लगेच जाहीर केलं.

आणि एक धक्का माझ्या वाट्याला. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी मिक्सरमध्ये केळं, सफरचंद, थोडा कोको घालून स्मूदी करतो आणि स्वतःला फार शहाणा समजतो. २०२३ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात केळ्याच्या स्मूदीबरोबर घेतलेले फ्लॅवेनॉल, म्हणजे कोको, सफरचंद, द्राक्षं यांत असतात ते, नुसत्या कॅप्सूलच्या तुलनेत ८४ टक्क्यांनी कमी शोषले गेले. चिरलेलं केळं काळं पडतं ते ज्या विकरामुळे, तेच विकर मिक्सरमध्ये या फ्लॅवेनॉलना गाठतं. ज्या बेरीच्या मिश्रणात हे विकर कमी होतं, त्यात असं घडलं नाही. केळं बिचारं वाईट नाही, पोटॅशियम आहे, पोट भरतं. पण कोको आणि सफरचंद ज्यासाठी घालत होतो ते केळ्यासोबत दळून घालवत होतो. आता केळ्याचं वेगळं शिकरण, सफरचंद वेगळं चावून. ही सवय अजून पंधरा दिवसांचीच आहे, टिकली तर कळवीन.

मध्यंतरी बाबांच्या दुसऱ्या तपासणीला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना सरळच विचारलं, फळं चालतील ना? त्यांनी बाबांच्या साखरेचा रिपोर्ट मागून बघितला आणि म्हणाल्या, "काका, पपई खा, आंबाही बेताने खा. बाटली तेवढी नको." मधुमेह असेल त्यांनी आंब्याचं प्रमाण आपापल्या डॉक्टरांनाच विचारावं. घरोघरीचा हिशोब वेगळा असतो, आणि मी एकदा दुसऱ्याच्या शरीराचा हिशोब फोनवर करून बघितलाय.

मे महिन्यात केसरची पहिली पेटी आली. आईने बाबांच्या ताटातही रसाची वाटी ठेवली, आधीपेक्षा लहान. आजी तुपाचं भांडं घेऊन पंक्तीला फिरली. माझ्यापाशी आली तेव्हा सवयीने थबकली, माझा हात कुठे आहे बघितलं. हात मांडीवर होता. तिने एक चमचा सोडला, मग माझ्याकडे संशयाने पाहत आणखी अर्धा.

"बरं वाटतंय ना तुला?" तिने विचारलं.

पलीकडून बाबा म्हणाले, "वाढ गं आई, त्याने पित्ताचा अभ्यास केलाय."